शिडाची बोट, व्हाया पेण-रोहा

पेण म्हटलं की गणपती. रोहा म्हटलं की समोरचा दोन सेकंद थांबतो आणि मग विचारतो, ‘म्हणजे कोकण रेल्वे सुरू होते ते का?’ अगदी बरोबर. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, आणि रोह्यापासून पुढे कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर कोकण रेल्वे. पण रोहा येतं तेव्हा गाडीतले बहुतेक जण एकतर झोपलेले असतात किंवा वडापाव खात असतात, त्यामुळे ते येतं आणि जातं. बायरोड जाणाऱ्यांचंही तेच. वीकेण्डवाले वडखळला वळून अलिबागला पळतात. थोडे अ‍ॅडव्हेंचरवाले सरळ कोलाडला जाऊन कुंडलिकेत राफ्टिंग करतात. (ते पाणी, बाय द वे, भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटतं. तिथे वीज तयार झाली की मगच तुमचा राफ्ट हलतो.) पेणला कुणी थांबलंच तर पोहे-पापड घ्यायला. रोह्याला थांबायचं काय कारण?

माझ्याकडे आहे. मी रोह्याला स्टेनलेस स्टीलसाठी जाते.

त्याचं असं आहे, की आमची एक शिडाची बोट आहे. ‘आमची’ म्हणजे तिघांची, आणि ‘बोट’ म्हटल्यावर लगेच शॅम्पेन आणि पांढरे बूट डोळ्यांसमोर आणू नका. एकतीस फुटांची, १९७९ सालची, फायबरग्लासची म्हातारी आहे ती. मलेशियातल्या लंकावी बेटावर एका थकलेल्या जोडप्याकडून आम्ही ती घेतली. तिघांनी मिळून घातलेल्या पैशांत इथे एक बरी सेकंडहॅण्ड गाडी आली असती. बोट तिथे, आम्ही मुंबई-पुण्याला. वर्षातून एकदा रजा जमवायची, सुटे भाग बॅगेत भरायचे आणि बोटीवर परतायचं, असा प्रकार. तिला घरी आणायचं हे स्वप्न. रेवदंड्याच्या खाडीत नांगरायची आणि रोह्याच्या आत्याला तिच्यावर बसवून चहा पाजायचा, इतकं ते डिटेलमध्ये ठरलेलं.

स्वप्नाच्या आड आल्या चेनप्लेट. शिडाच्या बोटीची डोलकाठी नुसती रोवलेली नसते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी ती तारांनी ताणून धरलेली असते, आणि या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकतात त्या चेनप्लेट. पट्टी तुटली की तार सुटते, तार सुटली की डोलकाठी आडवी. स्टेनलेस स्टील हे मोठं फसवं प्रकरण आहे. उघड्यावर ते वर्षानुवर्षं चकाकत राहतं. पण डेकच्या आत, जिथे खारं पाणी झिरपतं आणि हवा पोचत नाही, तिथे गुपचूप सडतं. २०२४ मध्ये आम्ही एक पट्टी काढून पाहिली, तर तिच्या पोटात केसासारखी चीर. एकीत चीर म्हणजे आठही बदलायच्या. बोटयार्डातला आकडा ऐकून आमच्या कप्तानाने फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, ‘तुझ्या रोह्यात होईल का गं?’

रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी आहे, केमिकलच्या कारखान्यांची. त्या वासाबद्दल रोहेकर जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. पण जिथे केमिकल तिथे चांगलं स्टील लागतंच. साध्या ३०४ ग्रेडला जिथे क्लोराइड खातं, तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ वापरतात; आणि समुद्राचं पाणी म्हणजे दुसरं काय, क्लोराइडच की! त्यामुळे जे शोधायला मुंबईत चार बाजार फिरावे लागले असते ते इथे एका पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभं होतं. लेथवरचे मिस्त्री साठीचे. जुनी पट्टी त्यांनी हातात घेऊन उलटी-पालटी केली.

‘ताई, ही कुठल्या रिॲक्टरची?’

‘बोटीची आहे, काका.’

‘मच्छीमारीच्या?’

‘नाही, शिडाच्या.’

‘इंजीन नाही तिला?’

‘आहे की. छोटं आहे.’

यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ‘मग शीड कशाला?’

याचं पटेल असं उत्तर मी आजवर कुणालाही देऊ शकलेले नाही. काकांनी काम मात्र असं केलं, की भोकांच्या कडासुद्धा आरशासारख्या. आठ पट्ट्या, प्रत्येकीवर पंचने नंबर.

गंमत म्हणजे, शिडाचा हा प्रश्न रोह्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणी विचारला नसता. भरतीबरोबर रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीत शिरायचं आणि रोह्याला यायचं, ही इथल्या मालाची जुनी वाट. पेणचंही तसंच, अंतोरा हे त्याचं बंदर. मीठ, भात, कौलं, सगळं मचव्यांतून आणि गलबतांतून. आत्या सांगते, आजोबा मुंबईहून यायचे ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरला, तिथून एसटीने नागोठणं आणि मग रोहा. ट्रंक हमालाच्या डोक्यावर, आणि वेळापत्रक ओहोटीच्या हातात. ही वाट प्रेमळ वगैरे नव्हती. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात या बाजूची किती घरं होती हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे. पुढे रस्ता आला, १९८६ ला रोह्यापर्यंत रेल्वे आली, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि लोक पाण्याकडे पाठ करून बसले. धरमतरच्या धक्क्यावर आता डोलवीच्या स्टील प्लॅण्टचा माल उतरतो.

तर फेब्रुवारी २०२५, पहिला आठवडा. कप्तान पुढे गेलेला, त्याला सहा आठवड्यांची रजा, १५ मार्चला ऑफिस. आता जरा वाऱ्याचा फंडा समजून घ्या, कारण पुढचं सगळं टेन्शन त्याच्यामुळे आहे. डिसेंबर ते मार्च बंगालच्या उपसागरात ईशान्येचे वारे वाहतात. लंकावीहून पश्चिमेला येणाऱ्याला ते पाठीवरून मिळतात. श्रीलंकेपर्यंत साधारण बाराशे सागरी मैल. आमची म्हातारी दिवसाला शंभर-सव्वाशे कापते, म्हणजे दहा-बारा दिवस. मार्च संपत आला की हे वारे मरतात, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तर वायव्येचा वारा थेट तोंडावर. थोडक्यात, दार उघडं असतं तेवढ्यात बाहेर पडायचं. नाहीतर पुढच्या वर्षी.

माझं विमान रात्री उशिराचं. रोह्याहून दुपारी दोनला निघाले. दोन डफल बॅगा: एकीत कपडे, पोहे, पापड आणि आत्याची कोकमं, दुसरीत ऑइलस्किन, दोर, पंपाचे सुटे भाग आणि टॉवेलांत गुंडाळलेल्या आठ पट्ट्या. हे स्टील केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत याची खात्री होती, त्यामुळे दोन्ही बॅगा चेक-इनच्या.

रोह्यातून हायवेला लागायच्या दोन वाटा. एक कोलाडवरून सुकेळी खिंडीतून, दुसरी भिसे खिंडीतून थेट नागोठण्याला. ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, सुकेळीत ट्रक बंद पडलाय, भिसेतून काढतो.’ काढली. नागोठण्याला आलो तर डायव्हर्जनच्या तोंडाशी सगळे ट्रक एकमेकांना नमस्कार करत उभे. या हायवेचं पळस्पे-इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता दाढी करायला आलं असेल, पण मी गेले तेव्हाही पुलांची कामं चालूच होती. आम्ही दीड तास जिथल्या तिथे. शेजारच्या ट्रकवाल्याने गिअरवर टॉवेल टाकून झोप काढली. त्याच्या भाऊबंदांनी यावर फार पूर्वीच तोडगा काढलाय: १९९९ पासून कोलाडला ट्रक सरळ रेल्वेच्या वाघिणीवर चढवतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवतात. ‘रोरो’ म्हणतात त्याला. २०२५ च्या गणपतीत हीच सोय खासगी कारसाठी काढली, तिला मात्र फारसं कुणी विचारलं नाही. कोलाडपर्यंत पोचल्यावर आता पुढे गाडीनेच जाऊ, असं लोकांना वाटलं असणार. बरोबरच आहे.

पेणला थांबायचंच होतं. बोट हलायच्या आधी तिच्यावर गणपती हवा, ही आत्याची अट. माघी गणपती नुकते होऊन गेलेले, तरी कारखान्यात भाद्रपदाची लगबग. ज्यांना वाटतं पेणचे मूर्तिकार जुलै-ऑगस्टमध्ये कामाला लागतात, त्यांनी एकदा फेब्रुवारीत हमरापूर-जोह्याकडे चक्कर मारावी. हजारो पांढऱ्या मूर्ती फळ्यांवर ओळीने बसलेल्या असतात, रंगाची वाट बघत. परदेशी जाणारा माल कंटेनरने न्हावा-शेव्यातून कित्येक महिने आधी निघतो, कारण अमेरिकेतल्या गणपतीला चतुर्थीची तारीख चुकवून चालत नाही! २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा इथल्या शेडमध्ये बसलेल्या माणसाला केप ऑफ गुड होपचा हिशोब करावा लागत होता. मी गेले तेव्हा मात्र विषय वेगळा होता. ३० जानेवारीला मुंबई हायकोर्टाने पीओपी मूर्तींवरची बंदी कडक पाळा म्हणून सांगितलं होतं, आणि शेडमधल्या निम्म्याहून जास्त मूर्ती पीओपीच्या. मालक बोलत नव्हते, नुसते मोजत होते. (जूनमध्ये कोर्टाने मूर्ती बनवायला मोकळीक दिली, विसर्जन मात्र नैसर्गिक पाण्यात नाही. पण तो मधला चार महिन्यांचा काळ पेणमध्ये कुणी विसरणार नाही.) मी वीतभर उंचीचा शाडूचा गणपती घेतला. मालकांनी कागदी लगद्यात बसवून डबा बांधून दिला आणि म्हणाले, ‘हातातच ठेवा. याला सामानात टाकू नका.’

एअरपोर्टला सव्वाआठला पोचले. तेवढ्या वेळात दिव्याहून रोह्याला गाडीने जाऊन परत आले असते. आता नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालंय, म्हणजे पेणकरांसाठी विमान उलव्यापर्यंत चालत आलं म्हणायचं. हायवेचं तेवढं बघा.

बोटीवर परतणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी चेक-इनला एक संवाद असतो.

‘मॅडम, रिटर्न तिकीट?’

‘नाही. वन-वे आहे.’

‘मग परत कशा येणार?’

‘बोटीने.’

‘क्रूझ का?’

‘नाही, शिडाच्या बोटीने.’

सुपरवायझरला बोलावलं. मी फोल्डर उघडला: बोटीच्या नोंदणीची प्रत, मरीनाचं पत्र आणि ‘ही आमच्या बोटीवरची क्रू आहे’ असं कप्तानाच्या सहीचं पत्र. हा कप्तान स्वतःची बाइक स्टॅण्डवर लावताना पाडतो, पण लेटरहेडवर फार भारदस्त दिसतो. चाळीस मिनिटांनी बोर्डिंग पास मिळाला. सिक्युरिटीला गणपतीचा डबा उघडायला लावला. तिथल्या माणसाने आत डोकावून फक्त ‘पेण?’ एवढंच विचारलं, मी मान डोलावली आणि त्याने स्वतःच्या हाताने झाकण लावलं.

विमान तीन तास लेट. एअरलाइनचं नाव लिहीत नाही. तुम्ही प्रवास करत असाल तर तुमच्या मनात एखादं आलंच असेल. क्वालालंपूरची पुढची फ्लाइट अर्थातच गेली. दुपारच्या फ्लाइटमध्ये जागा मिळाली. लंकावीच्या चिमुकल्या बेल्टवर पोहे-पापड आले. पट्ट्या आल्या नाहीत. बेल्ट थांबला.

अशा वेळी एअरपोर्टबाहेर पडायच्या आधी काउंटरवर ‘पीआयआर’ नावाचा रिपोर्ट लिहून घ्यायचा, कारण त्याचा दहा अक्षरी नंबर मिळाल्याशिवाय तुमची बॅग जगाच्या दृष्टीने हरवलेलीच नसते. काउंटरवरची मुलगी गोड होती. फॉर्मवर ‘डिलिव्हरी अ‍ॅड्रेस, हॉटेलचे नाव’ असा रकाना. मी लिहिलं: अमुक बोट, बोटयार्ड, तिसरी रांग, जमिनीवर उभी आहे, शिडीने वर या. तिने ते न हसता टाइप केलं.

पुढचे दिवस मी त्या जमिनीवरच्या बोटीत काढले. टेकूवर उभी असलेली बोट ही जगातली सगळ्यात विचित्र वस्ती. बाथरूमला जायचं तर दहा फुटांची शिडी उतरायची. दुपारी आत भट्टी. डोलकाठी काढून शेजारी लाकडी घोड्यांवर ठेवलेली, तारा गुंडाळून. कप्तान रोज सकाळी कॅलेंडरकडे बघायचा आणि काही बोलायचा नाही, जे ओरडण्यापेक्षा वाईट. वेबसाइटवर रोज एकच वाक्य: शोध चालू आहे. आम्ही पोहे खात होतो.

सहाव्या रात्री मी नियम वाचायला घेतले. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात सामानाचा निवाडा १९९९ च्या माँट्रियल कराराने होतो. भारत त्यात २००९ ला आला. बॅग एकवीस दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. उशिरा आली तर हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत, मोडकी आली तर सात दिवसांत लेखी तक्रार करायची. तोंडी भांडण हिशोबात धरत नाहीत. मधल्या काळात जे घ्यावं लागतं त्याच्या पावत्या जपायच्या. आणि भरपाईची कमाल मर्यादा? २८ डिसेंबर २०२४ पासून एका प्रवाशामागे १,५१९ एसडीआर. रुपयांत दीड लाखाच्या वर, पण आपोआप मिळत नाही, नुकसान दाखवावं लागतं.

एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, १९६९ पासूनचं. नाणेनिधीचा पाया घातला गेला जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेत ब्रेटन वूड्सच्या परिषदेत. तिथे भारताच्या शिष्टमंडळात बसले होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख. म्हणजे आमचे चिंतामणराव! जन्म महाडजवळच्या नात्याचा, पण घराणं रोह्याचं. रोह्याच्या लेथवर बनलेल्या पट्ट्यांची किंमत मी लंकावीत, टॉर्चच्या उजेडात, रोह्याच्या माणसाने बारशाला हजेरी लावलेल्या संस्थेच्या चलनात काढत होते. त्या रात्री तेवढाच एक विनोद होता.

नवव्या दिवशी फोन आला. बॅग सापडली. कुठे? मुंबईत. ती निघालीच नव्हती. मशीनच्या पडद्यावर स्टीलचा काळा ठोकळा दिसला म्हणून दुसऱ्या तपासणीला बाजूला काढली, आणि तपासणी होईपर्यंत विमान गेलं. नंतर तिच्यावरची चिठ्ठी जुन्या फ्लाइटची, मी बसले नव्या फ्लाइटमध्ये, त्यामुळे ही कुणाची आणि कुठे पाठवायची याचा पत्ता कुणालाच नाही. मी आत्याला सांगितलं तर ती पलीकडून म्हणाली, ‘अगं बाय, मग मीच जाऊन आणते की! उद्या सकाळच्या गाडीने जाते.’ सत्तरी पार केलेली बाई. तिला आवरताना मला पहिल्यांदा रडू आलं.

बाराव्या दिवशी व्हॅन यार्डात आली. ड्रायव्हरने खालून बोटीचं नाव हाकारलं आणि बॅग शिडीला टेकवली. आठच्या आठ पट्ट्या टॉवेलात, जशाच्या तशा. तीन दिवसांत बसवल्या. एकही भोक घासावं लागलं नाही. पण डोलकाठी उभी करायला क्रेन लागते, आणि आमची तारीख केव्हाच दुसऱ्या कुणाची झाली होती. नवी मिळाली २७ फेब्रुवारी.

२७ ला डोलकाठी उभी राहिली. तिच्या बुडाशी, केबिनमध्ये, शाडूचा गणपती. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी कागदावर हिशोब मांडला (तिसरा पुण्याहून व्हिडिओवर). तारा ताणून बोट पाण्यात जायला दोन मार्च. श्रीलंका चौदा मार्च, तेही वारा शब्द पाळेल तर. पंधराला कप्तानाचं ऑफिस, आणि त्याच्या घरी त्या वर्षी ईएमआय आणि एक तान्हं बाळ, दोन्ही नवीन. दोघांनी पुढे नेणं शक्य होतं का, यावर आम्ही पहाटे दोनपर्यंत बोललो. मी ‘हो’ म्हणत होते. त्याने एकदाच विचारलं, ‘अर्ध्या रस्त्यात वारा पडला तर मी नसताना डोलकाठीवर कोण चढणार?’ पुण्याच्या स्क्रीनवरून काही आवाज आला नाही.

आम्ही पाच दिवस बेटांच्या आजूबाजूला शीड लावून फिरलो. पट्ट्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. मग बोट परत टेकूवर चढवली, शिडी काढून ठेवली आणि विमानाने आलो. ती अजून तिथेच आहे.

एअरलाइनने पावत्यांचे पैसे तीन महिन्यांनी दिले. रजेचे दिवस कुठल्याही करारात बसत नाहीत.

मार्चच्या शेवटी रोह्याला गेले तेव्हा धाटावच्या शेडमध्ये डोकावले. काकांना मोबाइलवर फोटो दाखवला: निळं पाणी, पांढरं शीड, आणि कोपऱ्यात त्यांची तीन नंबरची पट्टी. त्यांनी चष्मा लावला. शीड, समुद्र, बेटं, कशाकडेच पाहिलं नाही. दोन बोटांनी पट्टी मोठी केली आणि म्हणाले, ‘हे बोल्ट आपले नाहीत.’

‘नाही काका, ते तिथलेच. जुने.’

‘मग साइज आणा ताई. पुढच्या वेळी बोल्टही इथलेच न्या.’

बारा मिलिमीटर, बत्तीस नग. परवाच ऑर्डर दिली.